रोमन भिंतीचं वय विटांवरून: व्हॅन डेमनबाईंची पद्धत आज कितपत चालते?

चौथा_रद्दा (प्रश्न)

पुरातत्त्वात एम.ए. चालू आहे, पुढे प्राचीन रोमन स्थापत्यावर पीएच.डी. करायचा विचार आहे. वाचताना एस्थर बॉइस व्हॅन डेमन हे नाव सारखं समोर येतं. विटांची जाडी, दरजा (दोन विटांमधल्या चुन्याच्या फटी) आणि चुन्याचा रंग पाहून भिंत कोणत्या काळातली ते ठरवायची पद्धत त्यांनी बसवली, एवढं समजलं. पुढचं नेमकं हवं आहे:

१. ही पद्धत प्रत्यक्ष कशी वापरतात? काय मोजायचं, किती ठिकाणी?
२. ती चुकते कुठे?
३. असा विषय घेऊन संशोधनाचं क्षेत्र धरता येतं का, की हे सगळं शंभर वर्षांपूर्वीच संपलं?

---

ओळंबा

आधी बाईंची कारकीर्द सांगतो, कारण पद्धत तिच्यातूनच आली.

जन्म १८६२, ओहायो. पीएच.डी. १८९८ मध्ये शिकागो विद्यापीठातून, वयाच्या पस्तिशीत. विषय भिंती नव्हेतच. वेस्टा या चुलीच्या अग्नीच्या रोमन देवीचा पंथ आणि तिच्या कुमारी पुजारिणी. म्हणजे सुरुवात लॅटिन ग्रंथांतून. १९०१ ते १९०३ रोममध्ये अभ्यासवृत्ती, मग अमेरिकेत अध्यापन, आणि १९०६ पासून वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या पैशावर पुन्हा रोम. १९०७ मध्ये फोरममधल्या (प्राचीन रोमच्या मुख्य चौकातल्या) वेस्टा-पुजारिणींच्या निवासात एक व्याख्यान चालू असताना त्यांच्या लक्षात आलं, की बुजवलेल्या एका दारातल्या विटा भोवतालच्या भिंतीतल्या विटांसारख्या नाहीत. दार भिंतीनंतर बुजवलं हे कोणीही सांगेल. त्यांनी विचारलं, किती नंतर? १९०९ मध्ये त्या निवासावरचा ग्रंथ आला आणि १९१२ मध्ये काँक्रीटच्या इमारतींचा काळ ठरवण्याच्या पद्धतीवरचा लेख.

पद्धतीचा गाभा साधा आहे. ज्या इमारतींचा काळ शिलालेख किंवा ग्रंथांवरून पक्का आहे त्या आधी मोजायच्या. विटेची जाडी, लांबी, दरजेची जाडी, चुन्यातल्या पोझोलानाचा (ज्वालामुखीच्या राखेचा) रंग, भरावातले दगड, सगळं कोष्टकात. मग काळ माहीत नसलेली भिंत त्या कोष्टकाशी ताडून पाहायची.

पुढची बरीच वर्षं त्यांनी रोमच्या जलवाहिन्यांवर घातली. थॉमस ॲशबी त्याच सुमारास त्याच विषयावर काम करत होते आणि दोघांनी कितीतरी अंतर पायी पालथं घातलं. जलवाहिनी या पद्धतीसाठी फार सोयीची, कारण मूळ बांधकाम आणि नंतरच्या सम्राटांच्या डागडुज्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात. वर फ्रंटिनसचं लेखन हाताशी, तो इ.स. ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. बाईंचा जलवाहिन्यांवरचा ग्रंथ १९३४ मध्ये आला.

कारकीर्दीचा हिशेब मांडला तर विद्यापीठात शिकवण्याची वर्षं थोडीच भरतात. मिशिगनला १९२५ ते १९३० हा शेवटचा टप्पा. उरलेला बहुतेक काळ अनुदानावर. १९३७ मध्ये त्या रोममध्येच वारल्या तेव्हा रोमन बांधकामावरचं मुख्य काम टिपणांतच होतं. ते मॅरियन ब्लेक यांनी पुढे नेलं. पहिला खंड १९४७, दुसरा १९५९, आणि तिसरा १९७३ मध्ये, ब्लेक वारल्यावर. बाईंच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी! त्यांची छायाचित्रं रोमच्या अमेरिकन अकादमीत आहेत आणि आजही वापरली जातात, कारण त्यांतल्या काही भिंती आता तशा उरलेल्या नाहीत. धडा घ्यायचाच तर एवढा घ्या, की टिपणं अशी ठेवा की दुसऱ्याला वाचता येतील.

---

सुरखी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

सर्वांत आधी हे डोक्यात पक्कं करा: रोममधली 'विटांची भिंत' विटांची नसते. दोन्ही तोंडांना विटांचं आवरण आणि मध्ये चुना-पोझोलानात बसवलेल्या दगड-रोड्यांचा गाभा. आवरणाच्या विटा त्रिकोणी. बेसालिस नावाची चौकोनी वीट १९.७ सेंमीची, म्हणजे रोमन फुटाचे दोन तृतीयांश (रोमन फूट २९.६ सेंमी). ती कर्णावर कापली की दोन त्रिकोण. लांब बाजू बाहेर, टोक आत गाभ्यात रुतलेलं. कर्ण २८ सेंमीचा, पण कापताना-घासताना कमी होऊन तोंडावर साधारण २५ ते २७ दिसतो.

हिशेब करून बघा. त्रिकोणाचं क्षेत्रफळ १९४ चौ. सेंमी, म्हणजे आवरणाची सरासरी खोली सुमारे ७ सेंमी. दोन रोमन फूट जाडीच्या भिंतीत (५९ सेंमी) दोन्ही बाजूंचं मिळून १४. भिंतीचा जेमतेम पाव हिस्सा वीट. पाच रद्दे (विटांचे आडवे थर) २६ सेंमीत बसत असतील तर मीटरभर उंचीत १९ रद्दे, एका रद्द्यात मीटरला पावणेचार विटा, म्हणून चौरस मीटरला सुमारे ७१ त्रिकोण, अर्थात ३५-३६ अख्ख्या बेसालिस.

आता मोजणी.

कोपरा, दार-खिडकी आणि कमान यांच्यापासून निदान मीटरभर लांबचा, सपाट, एक चौरस मीटरचा तुकडा निवडा. कमानीशेजारी गवंडी रद्दे जुळवायला दरज कमीजास्त करतो, तिथले आकडे फसवतात. मऊ ब्रशने झाडा. तारेचा ब्रश लावलात तर दरज खरवडून निघेल आणि तुम्हीच पुरावा बदलाल. मग 'पाच रद्द्यांचं माप' घ्या: एका विटेच्या खालच्या कडेपासून तिच्यावरच्या पाचव्या विटेच्या खालच्या कडेपर्यंत. यात पाच विटा आणि पाच दरजा बरोबर येतात. वरच्या कडेपर्यंत मोजलं तर सहावी वीट आत शिरते. ही चूक नवखे फार करतात आणि मग भिंत एकदम चौथ्या शतकात जाते. एका तुकड्यात निदान दहा ठिकाणी. शिवाय २०-२५ विटांची जाडी आणि लांबी सुटी सुटी, दरजांचीही तितकीच मापं. सरासरी घरी काढा. वहीत प्रत्येक आकडा लिहा, कारण किती फरक पडतो हीसुद्धा माहिती आहे. एकसारखी मापं म्हणजे एकाच भट्टीचा नवा माल असण्याची शक्यता, पसरलेली मापं म्हणजे पाडकामातल्या विटा.

नोंदीत आणखी: विटेचा रंग, कडा सुबक कापलेल्या की तोडलेल्या, छपराच्या कौलाचा काठ कुठे दिसतो का (इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या सुरुवातीच्या भिंतींत फोडलेली कौलं सर्रास असतात), दोन फुटी विटांचे, म्हणजे बिपेडालिसचे, अख्खी जाडी पार करणारे सलग थर आहेत का आणि किती रद्द्यांनी येतात, परांचीची भोकं किती उंचीवर. बिपेडालिसचे थर सम्राट डोमिशियनच्या काळापासून (पहिल्या शतकाची अखेर) नीट दिसू लागतात, हेड्रियनच्या काळात (इ.स. ११७ ते १३८) ते नेहमीचे होतात. परांचीची भोकं पुष्कळदा त्याच थराला लागून असतात. तो दिवसाच्या कामाचा टप्पा होता की आणखी काही, यावर वाद घालणारे घालोत. तुम्ही उंची लिहून ठेवा.

चुन्यासाठी भिंग आणि चांगला उजेड. व्हिट्रुव्हियस हा स्थापत्यावर लिहिणारा रोमन लेखक खाणीच्या वाळूला चुना १ : वाळू ३ आणि नदी-समुद्राच्या वाळूला १ : २ सांगतो. नदीच्या वाळूत तिसरा हिस्सा कुटलेली वीट-खापर घातली तर चुना सुधारतो असंही सांगतो, म्हणजे आपली सुरखीच. रोमच्या आसपासची पोझोलाना ज्वालामुखीची. लालसर, काळपट, करडी. सुरुवातीच्या काळातला चुना भुरभुरीत आणि मळकट, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा लालसर आणि टणक, असा सर्वसाधारण कल आहे. कल म्हणतो, नियम नव्हे.

आकड्यांचा ढोबळ अंदाज: पहिल्या-दुसऱ्या शतकात वीट ३.५ ते ४ सेंमी आणि दरज १ ते १.५. सेव्हेरन सम्राटांपासून (दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून) विटा पातळ होत जातात, दरज फुगते. चौथ्या शतकात दरज विटेइतकी, कधी तिच्याहून जाड. हे फक्त रोम शहर आणि फार तर त्याचं बंदर ऑस्टिया एवढ्यापुरतं. पाँपेईला लावू नका, प्रांतांत तर मुळीच नाही.

---

शिक्कामोर्तब

वरचं सगळं बरोबर, पण मापांवरून वीस वर्षांची अचूकता कोणी सांगत असेल तर दुर्लक्ष करा. माप फार तर कोणती पिढी ते सांगतं. नेमकं वर्ष हवं असेल तर विटांवरचे शिक्के.

रोमजवळच्या भट्ट्यांमध्ये ओल्या विटेवर शिक्का मारत. त्यात जमीनमालकाचं नाव, भट्टीचं नाव, काम चालवणाऱ्याचं नाव, आणि दुसऱ्या शतकात काही वेळा त्या वर्षीचे कॉन्सुल (दरवर्षी नेमले जाणारे दोन सर्वोच्च अधिकारी). इ.स. १२३ चे, पेटिनस आणि अप्रोनियानस यांच्या नावांचे शिक्के तर ढिगांनी मिळतात. मालकांत मार्कस ऑरेलियसची आई डोमिशिया ल्युसिला आहे, म्हणजे वीट हा वरच्या घराण्यांचा धंदा होता. आकारही बोलतो: पहिल्या शतकातले शिक्के बहुधा आयताकृती, पुढे अर्धचंद्र, मग जवळजवळ पूर्ण वर्तुळ, ज्याच्या एका बाजूला खाच. खाच काळानुसार लहान होत जाते. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या कॅराकॅलानंतर शिक्के जवळपास बंद, त्या शतकाच्या अखेरीस डायोक्लेशनच्या काळात पुन्हा सुरू.

अडचणी:

शिक्का विटेच्या सपाट पाठीवर असतो आणि ती पाठ चुन्यात गाडलेली. उभ्या भिंतीत तो दिसतच नाही, पडझडीत किंवा उघड्या पडलेल्या बिपेडालिसवर दिसतो. म्हणून पडलेल्या ढिगाऱ्यातली वीट उचलताना ती नेमकी कुठून पडली हे लिहिलं नसेल तर शिक्का निव्वळ शोभेचा.

दुसरं, शिक्का वीट भाजल्याचं वर्ष सांगतो, भिंत बांधल्याचं नाही. भिंत त्याच्या आधीची असू शकत नाही एवढंच सिद्ध होतं. एकच शिक्का हाती असेल तर तो साठ्यातल्या जुन्या विटेचा किंवा पाडकामातल्या विटेचाही असेल. एकाच भिंतीच्या आतून, जागेवरून, पाच-सहा वेगवेगळे शिक्के एकाच काळातले मिळाले की बोला.

पँथिऑन हे याचं उत्तम उदाहरण. दर्शनी पट्टीवर लिहिलंय, 'मार्कस अग्रिप्पाने, तिसऱ्यांदा कॉन्सुल असताना, बांधलं'. म्हणजे इ.स. पूर्व २७. शेकडो वर्षं लोकांनी ते खरं मानलं. १८९२ च्या सुमारास फ्रेंच वास्तुविशारद जॉर्ज शेडान यांनी इमारतीच्या आतल्या विटांवर दुसऱ्या शतकातले शिक्के शोधले आणि ४३.३ मीटर व्यासाचा तो घुमट हेड्रियनच्या नावावर गेला. १९३०च्या दशकात हर्बर्ट ब्लॉख यांनी शिक्क्यांचा एकूण अभ्यास केला, त्यातही हेड्रियनच राहिला. मग २००७ मध्ये लिझे हेटलँड यांनी तेच शिक्के पुन्हा तपासले आणि दाखवलं की त्यांतले बहुतेक हेड्रियनच्या आधीचा सम्राट ट्रेजन याच्या काळातले आहेत. काम ११४ च्या आसपास सुरू झालं असावं आणि हेड्रियनने पुरं केलं. नवं उत्खनन नाही, नवी वीट नाही. जुनाच पुरावा, पण 'हेड्रियनने जुना साठा वापरला असेल' ही सोयीची समजूत बाजूला ठेवून वाचलेला.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. संपलेलं नाही.

---

चौथा_रद्दा

खूप आभार. दोन उपप्रश्न. (अ) जुन्या छायाचित्रांवरून मापं घेता येतील का? (आ) चुन्याचं कार्बन-१४ सरळ का करत नाहीत? चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, म्हणजे त्याच्यात वर्ष कोंडलेलंच असायला हवं.

---

सुरखी

(आ) आधी. तत्त्व बरोबर, रोममध्ये व्यवहार बिघडतो. एक, भट्टीत पूर्ण न भाजलेल्या चुनखडीचे कण चुन्यात राहतात. त्यांतला कार्बन भूगर्भीय, म्हणजे वय हजारो वर्षांनी जास्त दिसतं. दोन, पोझोलानाचा चुना नुसता हवेने घट्ट होत नाही, पाण्यासोबतच्या रासायनिक क्रियेनेही होतो. जाड भिंतीच्या पोटात हवा उशिरा पोचते, नंतर झिरपलेल्या पाण्यातून नवे कार्बोनेट बसतात; मग वय खऱ्यापेक्षा कमी दिसतं. दोन्ही चुका विरुद्ध दिशेच्या, त्यामुळे एकमेकींना झाकतात आणि आकडा 'बरोबर वाटतो'. साध्या चुना-वाळूच्या मध्ययुगीन भिंतींना ही चाचणी बरी चालते. विटांसाठी तापदीप्तीची (थर्मोल्युमिनेसन्स) चाचणी आहे, पण तीही भाजल्याचाच काळ सांगते, आणि दोन सम्राटांमध्ये निवड करायची असेल तर तिची चूकमर्यादा पुरेशी अरुंद नसते.

(अ) मोजपट्टी छायाचित्रात असेल आणि कॅमेरा भिंतीला काटकोनात असेल तरच. नाहीतर फक्त प्रमाण घ्या: वीट आणि दरज यांचं गुणोत्तर. स्वतः छायाचित्रं काढणार असाल तर शेजारच्या दोन छायाचित्रांत ७०-८० टक्के भाग सारखा यायला हवा, चार कोपऱ्यांत टोटल स्टेशनने (सर्वेक्षणाच्या यंत्राने) मोजलेल्या खुणा, आणि ऊन भिंतीवर तिरपं नको, सावल्यांनी दरजेची कड सरकते. ढगाळ दिवस सोन्यासारखा.

---

ओळंबा

एक मोठी चूक राहिली: जीर्णोद्धार. कलोसियमच्या पूर्व टोकाचा विटांचा उतरता टेकू एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, राफाएले स्टेर्न यांचा. तो ओळखू येतो. पण विसाव्या शतकातल्या दुरुस्त्या पुष्कळदा जुन्याच विटांनी केलेल्या असतात. खुणा शोधा: नवं तोंड मूळ पातळीपेक्षा सेंटिमीटर-दोन आत घेतलेलं, कुठे वर्ष कोरलेली छोटी पट्टी, दरजेत सिमेंटची करडी झाक, रद्दे नको तितके सरळ. अभिलेखागारात दुरुस्तीची कागदपत्रं न पाहता मोजायला गेलात तर सम्राटाऐवजी १९३० सालच्या कंत्राटदाराचा काळ ठरवून याल.

म्हणूनच आज कोणी फक्त विटा मोजत नाही. भिंत ही उत्खननातल्या थरांसारखी वाचतात. प्रत्येक बांधणी, छेद, भराव, गिलावा याला वेगळा क्रमांक. कोण कोणाला टेकलंय, कोणी कोणाला कापलंय ते तपासायचं. आणि १९७०च्या दशकात एडवर्ड हॅरिस यांनी उत्खननासाठी बसवलेल्या आकृतीत हा क्रम मांडायचा. आधी कोण, नंतर कोण हे पक्कं झालं की मग मापं, शिक्के, चुना. उलट क्रमाने गेलात तर आकडाच भिंतीचा क्रम ठरवू लागतो.

---

ट्रॅव्हर्टाइन

करिअरबद्दल थोडं रोखठोक.

भाषा: लॅटिन इतकी, की व्हिट्रुव्हियस आणि शिक्के स्वतः वाचता यावेत. उत्खननाचे अहवाल इटालियनमध्ये, त्यामुळे ती वाचायला आणि बोलायलाही. जर्मन आणि फ्रेंच वाचण्यापुरत्या. पीएच.डी. सुरू करण्याआधी लॅटिन आणि इटालियन नसेल तर पहिली दोन वर्षं त्यातच जातात.

परवानगी: उत्खननाला इटलीच्या संस्कृती मंत्रालयाची मंजुरी लागते. नुसतं मोजायचं असलं तरी स्मारक ज्याच्या ताब्यात आहे त्या यंत्रणेची लेखी परवानगी हवी. रोममध्ये काही राष्ट्रीय यंत्रणेकडे, काही महापालिकेकडे. आधी कोणाकडे ते शोधा. चुन्याचा नमुना घेणं, तो देशाबाहेर नेणं आणि छायाचित्र छापणं, तिन्हींना वेगवेगळे अर्ज. रोममध्ये ब्रिटिश स्कूल, अमेरिकन अकादमी, जर्मन आणि फ्रेंच संस्था आहेत. त्यांचा आधार असला तर कागद हलतो, ग्रंथालय मिळतं ते वेगळंच.

विषय: 'अमुक इमारतीचा काळ' असा प्रबंध आता एकटा उभा राहत नाही. क्षेत्र बांधकामाच्या अर्थकारणाकडे वळलंय. जॅनेट डीलेन यांनी कॅराकॅलाच्या स्नानगृहावर (इ.स. २११ ते २१६) केलेलं काम बघा. एकोणिसाव्या शतकातल्या इटालियन बांधकाम-पुस्तिकांमधले कामाच्या वेगाचे आकडे घेऊन, एका माणसाला दिवसात किती विटा लावता येतात, किती माती खणता येते, यावरून अख्ख्या इमारतीचे मनुष्यदिवस काढले. सुरखीने वर चौरस मीटरच्या विटा मोजल्या, त्याचीच ही पुढची पायरी. दुसरी मोकळी जागा म्हणजे काँक्रीटची सुरुवात. ती पूर्वी इ.स. पूर्व तिसऱ्या शतकापर्यंत मागे नेत. मार्चेल्लो मोजेत्ता यांनी ती इ.स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या आसपास आणली, आणि त्यावर अजून सगळे शांत झालेले नाहीत. तिसरी, चुन्याचं पदार्थविज्ञान. २०२३ मध्ये इटलीतल्या प्रिव्हर्नम या प्राचीन गावाच्या नमुन्यांवरचं गरम चुन्याचं (न विझवलेला चुना मिसळण्याचं) संशोधन गाजलं. 'रोमन काँक्रीट स्वतःहून बरं होतं' हे व्हॉट्सॲपवर फिरलं ते त्याचंच, मूळ शोधनिबंध बराच संयमी आहे.

आणि एक मोह टाळा. अरिकामेडू, तेर, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचा पोसायडन यांच्या जोरावर 'भारतातलं रोमन स्थापत्य' असा विषय मांडू नका. माल आला, मद्याचे कुंभ आले, मूर्ती आली. रोमन गवंडी आल्याचा पुरावा नाही. इथल्या सवयीचा उपयोग व्हायचाच तर हातात आहे: चुन्याची घाणी, सुरखी, वाड्यांच्या पातळ विटांच्या भिंती. एखाद्या पडक्या वाड्याचा एक चौरस मीटर वर सांगितलंय तसा मोजा, दोघांनी वेगवेगळा, एकमेकांचे आकडे न बघता. पाच रद्द्यांच्या मापात दोघांचा फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या वर गेला, तर इटलीचा अर्ज पुढच्या वर्षी करा.